वहीतला ‘मी’ : आजऱ्यातील तीन निबंधवह्या

आजऱ्यातल्या एका घराच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. मुंबईहून गावी परतलेल्या गिरणी कामगारांच्या घरांत असते तशीच. कड्यांना गंज चढलेला, झाकणावर पांढऱ्या रंगाने मालकाचे नाव आणि गावाचा पत्ता घातलेला. तिच्यात दोन प्रकारचे कागद एकावर एक ठेवलेले आहेत. तळाशी गिरणीतली हजेरीकार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या. त्यांच्यावर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या दोनशे पानी तीन वह्या. या वह्या त्या कामगाराच्या मुलीच्या आहेत. १९९७ ते २००० या तीन वर्षांत, आजऱ्यात बी.ए.चे शिक्षण घेत असताना, तिने मराठीचे जे निबंध लिहून तपासायला दिले ते यांत आहेत. निळ्या शाईत तिचा मजकूर आणि लाल शाईत तपासणाऱ्याच्या खुणा. तळाचे कागद बापाने काय केले याची नोंद ठेवतात. वरच्या वह्या मुलीने काय म्हणावे आणि ते कसे म्हणावे याची. दोन्ही ठिकाणी लिहिणारा हात कोणा दुसऱ्याने आखून दिलेल्या रकान्यात चालतो, हे साम्य ट्रंक उघडणाऱ्याच्या सहज ध्यानात येते.

लेखकाच्या घडणीचा विचार मराठी समीक्षेने अनेक अंगांनी केला आहे. वाचनाचे संस्कार, घराणे, जात, प्रदेश, चळवळी, नियतकालिके, एखाद्या वडीलधाऱ्या लेखकाचा सहवास, हे सारे घटक त्यात येतात. निबंधाची वही मात्र सहसा येत नाही. तिचे कारण उघड आहे. निबंध हा आज्ञेवरून लिहिलेला मजकूर असतो. विषय दुसऱ्याने दिलेला, लांबी दुसऱ्याने ठरवलेली, आणि वाचक एकच, तोही गुण देण्यासाठी वाचणारा. आत्माविष्काराला केंद्रस्थानी मानणाऱ्या वाङ्मयविचारात अशा लेखनाला जागा नसते. ते रद्दीत जाते आणि लेखकाच्या चरित्राचा आरंभ त्याच्या पहिल्या कवितेपासून किंवा पहिल्या छापील कथेपासून केला जातो. परंतु स्वातंत्र्योत्तर काळात मराठी गद्य लिहू लागलेल्या बहुसंख्यांचे पहिले सलग गद्य हे निबंधाच्या वहीतलेच गद्य आहे. निवेदक कोण, तो कोणाला उद्देशून बोलतो, अनुभव आणि संकेत यांच्यात ओढाताण झाली तर कोण माघार घेतो, हे जे प्रश्न कादंबरीच्या समीक्षेत मोठ्या परिभाषेत मांडले जातात ते या वहीत उघडेवाघडे समोर येतात.

पहिल्या वहीतला पहिला निबंध ‘माझे गाव’ हा आहे. त्यातले गाव निसर्गाच्या कुशीत वसले आहे. नदी झुळझुळ वाहते, पाखरे किलबिलतात, शेतकरी गाणी गात शेतावर जातात, सायंकाळी देवळात घंटानाद होतो. अडीच पाने मजकूर आहे, पण नदीचे नाव हिरण्यकेशी आहे हे त्यात कोठेही नाही. या तालुक्याच्या बाहेर ज्याच्या वासाची ख्याती आहे आणि ज्याला पुढे २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले तो घनसाळ तांदूळ नाही. संकेश्वरहून आजऱ्यातून आंबोलीकडे उतरत जाणारा रस्ता नाही. घाटाखालच्या कोकणी बोलीचे आणि पूर्वेकडल्या कन्नडचे जे दुहेरी पाणी इथल्या बोलण्यात मुरलेले आहे त्याचा टिपूसही नाही. निबंधाखाली ‘छान’ असा शेरा आहे आणि दहापैकी सात गुण आहेत.

हा निबंध खोटा आहे असे म्हणून त्याची विल्हेवाट लावणे सोपे आहे. बाजारात मिळणाऱ्या तयार निबंधांच्या पुस्तकांतून तो उचलला आहे असेही म्हणता येईल, आणि त्यात बरेच तथ्य असेल. पण मुलगी खोटे बोलत नाही. ‘निबंध’ नावाच्या जागेत काय बोलले जाते हे तिला शाळेतल्या दहा-बारा वर्षांनी शिकवले आहे आणि ती ते नेमके बोलून दाखवते आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन लेखनाच्या अध्यापनाला एक ज्ञानशाखा म्हणून दीर्घ परंपरा आहे. हार्वर्ड विद्यापीठात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतच प्रथम वर्षासाठी लेखनाचा सक्तीचा अभ्यासक्रम सुरू झाला होता. त्या परंपरेतील डेव्हिड बार्थोलोमे यांनी १९८५ साली असे प्रतिपादन केले की, विद्यार्थी लिहायला बसतो तेव्हा त्याला दर वेळी विद्यापीठच नव्याने कल्पावे लागते. जी भाषा अजून त्याची झालेली नाही तिच्या मालकाचे सोंग त्याला घ्यावे लागते. आजऱ्याच्या मुलीला हे सोंग दोनदा घ्यावे लागते. एकदा विद्यापीठाच्या भाषेचे, आणि त्याआधी प्रमाण मराठीचे.

दुसरा निबंध ‘पावसाळ्यातील एक दिवस’. पहिले पान नेहमीचे आहे. पाऊस रिमझिम पडतो. (आजऱ्याला आणि त्याच्या पश्चिमेला चार महिने कोसळणाऱ्या पावसाचे वर्णन ‘रिमझिम’ या शब्दाने करण्याचे धाडस निबंधाखेरीज अन्यत्र कोणी करणार नाही.) दुसऱ्या पानावर मात्र काहीतरी घडते. लावणीचा दिवस आहे. तरवा काढायचा आहे, पेंड्या बांधून चिखलात टाकायच्या आहेत, पाठीवर इरले आहे, ते वाऱ्याने उलटते आणि पाणी मानेवरून आत जाते. वाक्ये आखूड होतात. विशेषणे गळतात. आणि एक विलक्षण गोष्ट होते. पहिल्या पानावर ‘मी उठले’, ‘मी खिडकीतून पाहिले’ असे लिहिणारी ही मुलगी चिखलात उतरताच ‘मी गेलो’, ‘मी वाकलो’, ‘मी पेंडी उचललो’ असे लिहू लागते.

कोल्हापूर परिसरातल्या स्त्रिया स्वतःविषयी बोलताना ‘मी येतो’, ‘मी गेलो’ अशी रूपे वापरतात, हे सर्वपरिचित आहे. कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नसतो. त्या शेजाराचा हा परिणाम असावा असा तर्क करता येतो. परगावच्या माणसाला त्याचे हसू येते आणि कोल्हापूरच्या माणसाला त्या हसण्याचा राग येतो. पण येथे मुद्दा व्याकरणाचा नाही. प्रमाण रूप मुलीला येते. पहिल्या पानावर तिने ते बिनचूक लिहिलेले आहे. जेथे तिचे लक्ष शब्दांवरून उडाले आणि चिखलाकडे गेले तेथेच घरचे क्रियापद परत आले. ‘मी गेलो’ ही चूक अनुभवाच्या जवळ जाण्याची खूण होती. लाल शाईने तो शब्द अकरा ठिकाणी दुरुस्त केला. ‘तरवा’च्या जागी ‘रोपे’ आले, ‘भांगलण’च्या जागी ‘खुरपणी’, आणि ‘इरले’ या शब्दाभोवती एक वर्तुळ काढून प्रश्नचिन्ह टाकले गेले. गुण साडेपाच.

तपासणाऱ्याला येथे खलपुरुष ठरवण्याचा मोह आवरलेला बरा. वार्षिक परीक्षेची उत्तरपत्रिका कोण तपासील, त्याला तरवा माहीत असेल की नाही, ‘मी वाकलो’ या शब्दावरून तो मुलीच्या हातात किती गुण ठेवील, याचा अनुभव त्या लाल शाईपाशी असणार. कदाचित त्या शाईच्या घरीही ‘मी येतो’च म्हटले जात असेल. दुरुस्ती मुलीच्या हितासाठी होती आणि हिताच्या दृष्टीने ती बरोबरही होती. तिचा परिणाम मात्र वहीत स्पष्ट दिसतो. पुढच्या पाच निबंधांत चिखल नाही. पाऊस पुन्हा रिमझिम पडू लागतो.

या ठिकाणी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. मराठी गद्यात निबंधाचा जन्मच शिकणाऱ्या तरुणांच्या मंडळींत झाला, हे आपण विसरून गेलो आहोत. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी जी सभा स्थापन केली तिच्या मराठी शाखेत निबंध वाचले जात, आणि त्यातूनच ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले. तेव्हा निबंध ही परीक्षेची बाब नव्हती. नव्या ज्ञानाविषयी आपल्या भाषेत विचार करता येतो की नाही याची ती चाचणी होती. पुढे मुंबई विद्यापीठ निघाले, आणि लवकरच उच्च परीक्षांतून मराठीला रजा मिळाली. ती परत आली विसाव्या शतकाच्या आरंभी, न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रयत्नांनंतर. मधल्या जवळजवळ चार दशकांत महाविद्यालयीन तरुणाने वर्गात निबंध लिहिला तो इंग्रजीत. याच काळात, १८७४ पासून, डेक्कन कॉलेजचा पदवीधर असलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ काढली. तिचे चौऱ्याऐंशी अंक निघाले. जॉन्सन आणि मेकॉले यांच्या इंग्रजी निबंधावर पोसलेल्या या लेखकाने वर्गात न लिहिता आलेला मराठी निबंध वर्गाबाहेर लिहिला, अशा दृष्टीने निबंधमालेकडे पाहिले तर तिच्यातील आवेशाचा एक वेगळा उलगडा होतो. आणि तिची भाषा, लांब पल्ल्याची, संस्कृत वळणाची, प्रतिपक्षाला नामोहरम करणारी, हीच पुढे वर्गातल्या ‘चांगल्या निबंधा’ची भाषा ठरली.

तिच्या आधीचा एक निबंध मात्र वर्गातूनच आलेला आहे. जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. आज तो दलित साहित्याच्या आणि स्त्रियांच्या लेखनाच्या इतिहासात आरंभीचे पान म्हणून वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु तो एका विद्यार्थिनीचा निबंध आहे, ही गोष्ट त्या गौरवात मागे पडते. शाळेत जाऊन फार काळ न लोटलेल्या एका मुलीला निबंधाचा घाट हाती लागतो आणि ती तो आपल्या लोकांचा जाब विचारण्यासाठी वापरते. निबंधाची वही माणसाला गप्प बसवते असे म्हणणाऱ्याला हा पुरावा विसरून चालणार नाही. घाट परका असला तरी त्यात काय भरायचे हे काही वेळा लिहिणाऱ्याच्या हाती राहते. ते कधी राहते आणि कधी राहत नाही, हाच खरा प्रश्न आहे.

आजऱ्यात हा प्रश्न विचारला की शिवाजी सावंत यांचे नाव टाळता येत नाही. सावंतांचा जन्म ३१ ऑगस्ट १९४० चा, आजऱ्याचा. शालेय शिक्षण याच गावात. पुढे कोल्हापूरला राजाराम प्रशालेत शिक्षकाची नोकरी, आणि १९६७ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ‘मृत्युंजय’. या कादंबरीला वाचकांचे जे प्रेम मिळाले आणि समीक्षकांकडून जी काहीशी थंड वागणूक मिळाली त्या दोहोंची चर्चा पुष्कळ झाली आहे. १९९४ चा मूर्तिदेवी पुरस्कार तिला मिळाला, तेव्हाही ही दरी फारशी बुजली नाही. तिच्या कथनरूपाकडे मात्र एका निराळ्या बाजूने पाहता येते. ‘मृत्युंजय’चे नऊ भाग आहेत. चार भागांत कर्ण बोलतो. उरलेल्या पाचांत कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि अखेरीस कृष्ण. प्रत्येक जण ‘मी’ म्हणून आपली हकिकत सांगतो. या रचनेचे नाते पाश्चात्य कादंबरीतील अनेक निवेदकांच्या तंत्राशी जोडले जाऊ शकते. पण मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही ओळखीचे वाटावे असे एक जवळचे नातेही तिला आहे. ते म्हणजे आत्मवृत्तपर निबंध.

फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त, नदीचे मनोगत, वठलेल्या वृक्षाची कैफियत, जखमी सैनिकाची कहाणी. हा निबंधप्रकार मराठी शाळांत जितका रुजला तितका क्वचितच दुसरा कोणता रुजला असेल. ज्याला बोलता येत नाही, किंवा ज्याला कोणी बोलू दिलेले नाही, त्याच्या जागी जाऊन ‘मी’ म्हणायचे, हा त्याचा नियम. हास्यास्पद वाटणारा हा प्रकार खरे तर परकायाप्रवेशाचा पहिला धडा आहे. सावंतांनी शाळेत असताना कर्णाच्या कथेवरील नाटकात कृष्णाची भूमिका केली होती आणि त्या अनुभवाचा कर्णाविषयीच्या त्यांच्या ओढीशी संबंध होता, हे त्यांच्या वाचकांना ठाऊक आहे. कादंबरीत शेवटचा शब्द कृष्णाकडे जातो. शाळेच्या रंगमंचावर दुसऱ्याच्या तोंडाने बोललेला मुलगा आणि शाळेच्या वहीत दुसऱ्याच्या ‘मी’ने लिहिणारा मुलगा हे दोघे एकाच वर्गात बसलेले असतात. हे प्रभावाचे प्रमेय नव्हे. सावंतांच्या शाळेतल्या वह्या समोर ठेवून केलेले विधान तर नव्हेच. परंतु ज्याच्या तोंडून त्याची बाजू कोणी ऐकून घेतली नाही अशा माणसाला उभे करून बोलते करणे ही ‘मृत्युंजय’ची मूळ प्रेरणा, आणि लाखो वाचकांना ती कादंबरी उघडताच घरच्यासारखी वाटली याचे एक कारण, या शालेय घाटात शोधता येईल.

मग तिच्या भाषेचे काय? ‘मृत्युंजय’ची भाषा अलंकृत आहे, संस्कृतप्रचुर आहे, दर काही पानांनी सुभाषिताच्या उंचीवर जाऊ पाहणारी आहे. वर्गात मोठ्याने वाचून दाखवला जातो त्या निबंधाची ती भाषा आहे. महाभारताच्या विषयाला ती शोभते असे म्हणता येईल. पण तिच्यात आजरा कोठेही ऐकू येत नाही, हेही खरे. आजऱ्याच्या मुलाने लिहिलेली ही सर्वांत प्रसिद्ध कादंबरी, आणि तिच्यात आजऱ्याचा एक शब्द सापडणे कठीण. हा दोष म्हणून सांगायचा नाही. अखिल मराठी वाचकापर्यंत जाण्याची ती एक वाट होती, आणि त्या काळी तालुक्याच्या गावातून निघालेल्या मुलाला दिसणारी बहुधा तीच रुंद वाट होती. याच जिल्ह्यातल्या कागलच्या आनंद यादवांनी दुसरी वाट धरली. शिक्षणासाठी केलेल्या झगड्याची कहाणी त्यांनी ‘झोंबी’त १९८७ साली सांगितली, त्याच्या पुष्कळ आधी ‘गोतावळा’मध्ये त्यांनी अख्खी कादंबरी बोलीत निवेदन करून पाहिली होती. राजन गवस तर आजऱ्याच्या अगदी शेजारच्या मुलखाचे. ‘चौंडकं’, ‘भंडारभोग’, ‘तणकट’ या कादंबऱ्यांतले बोलणे आजऱ्याच्या बाजारात ऐकू येणाऱ्या बोलण्याला फार जवळचे आहे. म्हणजे १९९७ साली आजऱ्यात निबंध लिहायला बसलेल्या मुलीसमोर दोन्ही वाटा छापील स्वरूपात होत्या. अडचण इतकीच की, त्यांतली एक अभ्यासक्रमातल्या ‘साहित्या’च्या तासाला भेटत असे आणि दुसरी लेखनाच्या तासाला. साहित्याच्या तासाला ‘झोंबी’तल्या बोलीचे सौंदर्य फळ्यावर मुद्दे काढून शिकवले जाई, पुढच्या तासाला वहीतली बोली लाल शाईने पुसली जाई. मराठीच्या अध्यापनातली ही विसंगती आजही पुरती गेलेली नाही, आणि तिच्याविषयी चर्चासत्रे मात्र फारशी झालेली दिसत नाहीत.

दुसऱ्या वहीत, पाच-सहा महिन्यांच्या रिमझिमीनंतर, ‘फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त’ असा विषय आहे. मुलीने विषय खोडून वर लिहिले आहे : ‘एका इरल्याचे आत्मवृत्त’. ज्या शब्दाभोवती वर्तुळ पडले होते तोच शब्द. हे बंड होते की निव्वळ सोय, सांगता येत नाही. तिच्या घरी तेव्हा छत्री नव्हती, एवढे निबंधातून कळते. इरले बोलू लागते. बांबूच्या काड्या कोणी फाडल्या, पाने कोठून आणली, कोणाच्या पाठीवर किती पावसाळे गेले, आणि प्लास्टिकचा कागद आल्यावर आपल्याला गोठ्याच्या आढ्याला कसे टांगून ठेवले. इरले हा नपुंसकलिंगी शब्द. त्यामुळे ‘मी भिजलो’ की ‘मी भिजले’ हा प्रश्नच उरत नाही असे नाही, पण ती त्यातून अनपेक्षित रीतीने सुटते. इरले स्वतःविषयी फार कमी बोलते. ते ज्या पाठीवर असते त्या पाठीविषयी बोलते. आईची पाठ, आजीची पाठ, सासरी गेलेल्या आत्याची पाठ. कर्त्याच्या जागी ‘मी’ क्वचितच येतो. लाल शाईने एका ठिकाणी ‘इरले म्हणजे काय ते स्पष्ट करा’ असे लिहिले आहे आणि खाली साडेसात गुण दिले आहेत. हा निबंध त्या वर्षी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात छापला गेला. अंकातल्या पाठात ‘आढ्या’चे ‘छत’ झाले आहे; इरले मात्र टिकले आहे.

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकांचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. मराठीतील अनेक लेखकांचे पहिले छापील अक्षर त्यांत आहे, आणि ग्रंथालयात त्यांचे जुने खंड सर्वांत आधी निकालात काढले जातात.

तिसऱ्या वहीतला एकच निबंध विस्ताराने पाहण्यासारखा आहे. विषय ‘माझ्या जीवनातील अविस्मरणीय प्रसंग’. या विषयावर सहसा अपघात होतो, किंवा बक्षीस मिळते, किंवा म्हातारी भिकारीण भेटते. मुलीने लिहिले आहे ते वडिलांच्या परत येण्याविषयी. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांतून आजरा, गडहिंग्लज, चंदगडकडची माणसे दाटीने राहत होती. संप कधी मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. मुलीचे वडील १९८३ साली एका दुपारी एस.टी.तून उतरले, खांद्यावर ट्रंक होती, आणि आई बांधावर होती. इतकाच प्रसंग. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिला स्वतःला त्यातले काही आठवत नाही, आणि निबंधात ती तसे प्रामाणिकपणे लिहूनही टाकते. आईने सांगितलेले ती सांगते. लाल शाईचा शेरा तीन शब्दांचा आहे : ‘विषयांतर. स्वानुभव हवा.’

हा शेरा अन्यायकारक वाटतो, पण त्यात एक खरी वाङ्मयीन अडचण नकळत पकडली गेली आहे. जे आपल्याला आठवत नाही पण ज्याने आपले सारे आयुष्य ठरवले, ते स्वानुभवात मोडते की नाही? प्रसंग आईचा, आघात वडिलांचा, परिणाम मुलीचा. मग ‘मी’ कोणाचा? दलित आणि ग्रामीण आत्मकथनांच्या चर्चेत अनुभवाच्या अस्सलतेचा निकष इतक्या वेळा उगाळला गेला की, ऐकीव आठवण हीही अनुभवाचीच एक जात आहे, याकडे दुर्लक्ष झाले. मुलीला हे कोणी सांगितलेले नव्हते. तिने शेरा वाचला, पान उलटले, आणि निबंध पुन्हा लिहिला. त्याला गुण मिळणार नव्हते. तो कोणी मागितलाही नव्हता. वहीत हा पहिलाच मजकूर आहे जो आज्ञेवाचून लिहिला गेला.

या दोन खर्ड्यांच्या मध्ये, वहीच्या मागच्या पानांवर, निराळेच लेखन सुरू झालेले दिसते. ते अर्जांचे आहे. तालुक्यात चित्री, उचंगी यांसारख्या पाटबंधारे प्रकल्पांमुळे जमिनीच्या, मोबदल्याच्या, पुनर्वसनाच्या कागदांना तेव्हा तोटा नव्हता. शिवाय रेशनकार्डे, निराधारांची पेन्शन, सातबारावरची नावे, आणि गिरणीतली थकलेली देणी. बी.ए.ला शिकणारी मुलगी वाडीत एकटीच, तेव्हा लोक कागद घेऊन तिच्याकडे येत. अर्जाचा आरंभ ठरलेला असतो : मी खाली सही करणार, अमुक अमुक, राहणार अमुक, लिहून देतो की. सही करणारी पुष्कळदा विधवा बाई असे, आणि तिची सही म्हणजे डाव्या हाताचा अंगठा. एका खर्ड्यात ‘लिहून देतो’ असे आहे. ते खोडून ‘लिहून देते’ केले आहे. शेजारी, बहुधा त्या बाईने बोलून दाखवले तसेच, पेन्सिलीने पुन्हा ‘देतो’. येथे लाल शाई नाही. तपासणारे कोणी नाही. अर्ज ज्या टेबलावर जाणार आहे तेथे कोणते रूप चालेल, आणि अंगठा लावणाऱ्या बाईला कोणते रूप आपले वाटेल, हे दोन प्रश्न एकाच क्रियापदावर येऊन भिडले आहेत. शैलीचा विचार याहून निराळा काय असतो, हे शैलीविज्ञानाच्या प्रश्नपत्रिकांतून सांगणे अवघड आहे.

अर्जाची ही सवय तिसऱ्या खर्ड्यात उतरलेली दिसते. अर्जात पाल्हाळ चालत नाही. कोण, कोठला, कधीपासून, काय गेले, काय हवे, एवढेच विचारले जाते. वडिलांच्या परतण्याचा निबंध तिने तिसऱ्यांदा लिहिला तेव्हा त्यातून भावनांची सारी नावे गेली. ‘दुःख’, ‘अश्रू’, ‘हृदय’ यांतला एकही शब्द नाही. ट्रंकेचे वजन आहे. एस.टी.ची वेळ आहे. खानावळीचे किती पैसे द्यायचे राहिले होते तो आकडा आहे. त्या वर्षी घनसाळचे किती भात झाले आणि बाजारात त्याला काय भाव मिळाला तेही आहे, कारण आई ते विसरलेली नव्हती. पहिल्या वहीतल्या ‘माझ्या गावा’त जे नव्हते ते सारे येथे न बोलावता आले आहे, नदीचे नावही. गंगामाई वाचन मंदिरातून तिने त्या वर्षी काय काय वाचले याची यादी वहीच्या शेवटच्या आवरणावर आहे. तिच्यात ‘मृत्युंजय’ आहे आणि ‘झोंबी’ही आहे, पण खर्ड्यावर दोहोंपैकी एकाचीही छाप दाखवून देता येत नाही.

पुढे ती लेखिका झाली का, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे नाव कोणत्याही वाङ्मयकोशात नाही. काही वर्षे ती एका शाळेत होती, नंतर नव्हती. अर्ज अजूनही तिच्याकडून लिहून घेतले जातात. परंतु निबंधाच्या वहीने लेखक घडतो की नाही याचे उत्तर छापील पुस्तकांच्या संख्येवरून काढायचे असेल तर वह्या उघडण्याचे कारणच उरत नाही.

तिसरा खर्डा तिने अखेर तपासायला दिला. त्यात निवेदन सगळे प्रमाण मराठीत आहे. ‘मी ऐकले’, ‘मी विचारले’, ‘मी लिहून घेतले’. आई बोलते तेथे मात्र अवतरणचिन्हे आहेत, आणि त्यांच्या आत आई म्हणते की ती बांधावर उभा राहिलो, ट्रंक बघितलो, आणि काही न विचारता पाणी आणायला गेलो. दोन ‘मी’ प्रथमच एका पानावर आहेत, प्रत्येक आपापल्या क्रियापदासह. आईच्या ‘गेलो’पाशी लाल शाईचा एक ठिपका आहे. पेन तेथे टेकले होते. रेघ पुढे ओढलेली नाही.